जादुई जनावर घडवताना: भुकेपासून स्टॅट ब्लॉकपर्यंत

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळात कॅम्पेन असते, म्हणजे बैठकीमागून बैठक (सेशन) चालणारी गोष्ट. तिच्यातलं जादुई जनावर बऱ्याचदा एकाच कामापुरतं येतं. रानातल्या वाटेवर आडवं यायचं, तीन फेऱ्या लढायचं, मरायचं. चार सेशननंतर विचारलं तर खेळाडूंना त्याच्या नखांचा डॅमेज (किती इजा झाली तो आकडा) आठवतो, जनावर आठवत नाही. हे टाळता येतं आणि त्यासाठी नियमांची पुस्तकं पालथी घालावी लागत नाहीत. क्रम तेवढा बदलावा लागतो. आपण डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी) मंडळी आधी ताकद ठरवतो (आग ओकतं, अदृश्य होतं, दगड करतं), मग आकडे, आणि वेळ उरलाच तर ते कुठे राहतं, काय खातं हे. मी उलट्या टोकाकडून सुरुवात करायला सांगेन. जादुई जनावर हे आधी जनावर असतं. त्याला भूक लागते, थंडी वाजते, ते पिल्लासाठी जीव धोक्यात घालतं, घाबरलं की पळतं. त्याची जादू या जगण्यातूनच आलेली असली की खुणा, लढाई आणि लढाईखेरीजचे तोडगे हे सगळं एकातून एक सुचत जातं.

पुढे एकच जनावर पहिल्यापासून शेवटपर्यंत घडवून दाखवतो. आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या नियमांचे धरले आहेत. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, चार जणांची, तिसऱ्या लेव्हलची. तुमच्या टेबलावर दुसरी सिस्टिम असेल तर आकड्यांचा भाग बदला, बाकीच्या पायऱ्या तशाच चालतात.

पायरी १: ते काय खातं?

या खेळातल्या अगदी जुन्या जनावरांपैकी एक म्हणजे रस्ट मॉन्स्टर. खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स सुरुवातीच्या काळात लढाया मांडायला स्वस्तातली प्लॅस्टिकची खेळणी वापरायचे. त्यातल्याच चमत्कारिक आकारांवरून रस्ट मॉन्स्टर आणि आउलबेअर (अर्धं घुबड, अर्धं अस्वल) ही दोन्ही जनावरं आली. म्हणजे सुरुवातीला हातात फक्त एक आकार होता. रस्ट मॉन्स्टरला जिवंत केलं ते त्याच्या भुकेनं: तो लोखंड खातो. पाचव्या आवृत्तीत त्याचं चॅलेंज रेटिंग (लढायला किती अवघड तो आकडा) अर्धं आणि हिट पॉइंट्स (किती मार सोसता येतो तो आकडा) २७ आहेत, म्हणजे ताकदीनं फारसा नाही. पण साधी लोखंडी तलवार त्याला लागली की तलवारच गंजते, आणि त्याच्या मिशांचा स्पर्श झाला की चिलखताची तीच गत होते. जिवाला फारसा धोका नसताना चिलखतातला योद्धा मागे सरतो आणि काठी घेतलेला जादूगार पुढे होतो. भूक स्वच्छ असल्यामुळे सुटकाही स्वच्छ आहे: खिळ्यांची पिशवी त्याच्यासमोर रिकामी करायची आणि तो खात असताना निघायचं. एका भुकेतून धोका, डावपेच आणि पळवाट, तिन्ही निघाले.

म्हणून कोऱ्या कागदावर पहिल्या तीन ओळी लिहा: काय खातं, कुठे राहतं, कशाला टाळतं. खाणं म्हणजे मांसच असायला हवं असं नाही. उष्णता, सावली, कोणाची तरी झोप, दिलेली वचनं, काहीही चालेल. अट एकच, त्या गोष्टीची टंचाई होऊ शकली पाहिजे. टंचाई झाली की जनावर आपली हद्द सोडतं आणि तिथूनच गोष्ट सुरू होते.

आपलं जनावर आवाज खातं. ते धबधब्यामागच्या कपारीत राहतं, कारण तिथे बारमाही पोटभर आवाज असतो. आणि ते ताज्या बर्फाला टाळतं, कारण भुसभुशीत बर्फ आवाज शोषून घेतो. आपल्याला शांत वाटणारं बर्फाळ रान त्याच्या दृष्टीनं दुष्काळी मुलूख आहे. दऱ्याखोऱ्यांतले लोक त्याला मुकी म्हणतात.

पायरी २: जादू एकच, पण तिचा पाठलाग करा

एका जनावराला एकच मुख्य ताकद द्या. आग, विष, अदृश्य होणं, मनातलं वाचणं असं सगळं एकत्र केलं की खेळाडूंच्या हाती ओळखीचं काही लागत नाही आणि त्यांना आडाखे बांधता येत नाहीत. एक ताकद घ्या आणि तिला ‘मग काय होईल?’ हा प्रश्न इतक्यांदा विचारा की उत्तरं स्वतःलाच नवी वाटू लागतील.

मुकीच्या भोवती आवाज गिळला जातो. मग काय होईल? तिचा धबधबा कोसळताना दिसतो, पण ऐकू येत नाही. मग? जोडीदाराला साद घालणारे पक्षी आणि बेडूक त्या भागात टिकणार नाहीत. पक्षी नाहीत म्हणून किडे बेसुमार वाढतील. हरणं लांडग्याची चाहूल कानांनी घेतात. तिथे चाहूल लागणारच नाही, म्हणून हरणं फिरकणार नाहीत. हरणं नाहीत म्हणून झाडोरा कोणी खुडत नाही आणि धबधब्याभोवतीचं रान छातीइतकं दाट माजलेलं. बघा, अजून जनावर दिसलेलंही नाही आणि जागा तयार झाली.

शरीरही याच प्रश्नातून काढा. घुबडाच्या पिसांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या असतात, त्यामुळे हवा कापताना फडफड होत नाही आणि ते बिनआवाज झेपावतं. मुकीच्या अंगावर तसलीच मऊ, झालरदार लव दिली. आकार मोठ्या लांडग्याच्या दुप्पट, कान पंख्यासारखे रुंद आणि हलते, तोंड लहान. गळ्याखाली कातडीची सैल पिशवी, जी आवाज गिळला की फुगते. ही पिशवी पुढे लढाईत फार उपयोगी पडणार आहे.

आता टंचाई. यंदा थंडी अशी पडली की धबधबा गोठला. उपाशी मुकी खाली उतरली, जिथे पाणचक्की आहे, घंटा आहे, गुरं आहेत. आणि इथे या जनावराची सगळ्यात भयंकर बाजू येते. जखमी जनावर खूप वेळ ओरडतं, हे तिला कळलं आहे. म्हणून ती गुरं मारत नाही. पाय मोडून ठेवते. सकाळी गोठ्यात गाय जिवंत सापडते, तोंड उघडं, मान ताणलेली, आणि आवाज नाही.

असं दृश्य टेबलावर आणण्याआधी खेळाडूंना विचारा. प्राण्यांचे हाल काही जणांना सहन होत नाहीत, आणि ते आधी कळलेलं बरं. सेशन झिरोमध्ये (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) ठरवून घ्या, टेबलावर एक्स-कार्ड (नको असलेला प्रसंग थांबवायला कोणीही बोट ठेवावं असं कार्ड) ठेवा, आणि एखाद्याला नको असेल तर गाईंच्या जागी घंटा आणि चक्की पुरे. जनावराची भूक तीच राहते, भीती थोडी वेगळी होते.

पायरी ३: बीस्ट की मॉन्स्ट्रॉसिटी?

ही छोटी पायरी आहे, पण ऐन खेळात अडकवते. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ‘मॅजिकल बीस्ट’ असा स्वतंत्र प्रकारच होता: जनावरासारखी, पण अलौकिक ताकद असलेली किंवा साध्या जनावरापेक्षा जास्त बुद्धीची. पाचव्या आवृत्तीत तो वर्ग उरला नाही, त्यातली आउलबेअरसारखी बरीच मंडळी मॉन्स्ट्रॉसिटीत, म्हणजे अनैसर्गिक राक्षसांच्या प्रकारात, गेली. फरक नुसता नावाचा नाही. स्पीक विथ अ‍ॅनिमल्स, अ‍ॅनिमल फ्रेंडशिप, डॉमिनेट बीस्ट हे मंत्र फक्त बीस्ट प्रकारावर, म्हणजे साध्या जनावरांवर, चालतात. तुम्ही मॉन्स्ट्रॉसिटी लिहिलंत तर ड्रुइडच्या (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राच्या) हातातली हत्यारं त्याच क्षणी बोथट होतात, आणि जनावरांशी बोलायला म्हणून ड्रुइड घेतलेल्या खेळाडूला ते लागतं.

मी मुकीला मॉन्स्ट्रॉसिटीच ठेवेन, पण स्टॅट ब्लॉकखाली (जनावराच्या आकड्यांच्या तक्त्याखाली) एक ओळ घालेन: स्पीक विथ अ‍ॅनिमल्स तिच्यावर अर्धवट चालतो. तिला भावना कळतात, वाक्यं कळत नाहीत, आणि ती एका वेळी एकच गोष्ट सांगू शकते: भूक, पिल्लू, थंडी. मात्र बोलायला आवाज लागतो आणि तो आवाजच तिचं खाणं आहे. ड्रुइड बोलू लागला की ती ते शब्द चाटून खाते, म्हणून जवळ येते. हा प्रसंग खेळायला मिळावा यासाठीच एवढा खटाटोप.

पायरी ४: जनावराआधी त्याच्या खुणा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. जनावर प्रत्यक्ष दिसतं अर्धा तास, खुणा दिसतात दोन-तीन सेशन. मी खुणा अंतरानुसार लिहितो.

लांबच्या खुणा म्हणजे बातम्या. त्या नेहमी थोड्या चुकीच्या असाव्यात, कारण ज्याला जे कळतं त्यातून तो अर्थ लावतो. चक्कीवाला म्हणतो, माझे कान गेले. घंटा वाजवणारी म्हातारी म्हणते, देव रुसला, घंटेनं बोलणं सोडलं. गुराखी शेजारच्या वस्तीवर संशय घेतो, कारण गाय मारून नेलेली नाही, नुसता पाय मोडलाय, म्हणजे हे माणसाचंच काम. तिघंही खरं बोलतायत आणि तिघांचाही निष्कर्ष चुकलाय. खेळाडूंना इथे तपासाची गोडी लागते.

मधल्या अंतरावर माग असतात. पावलं ताज्या बर्फात कुठेच नाहीत. ती कुंपणाच्या दगडांवरून, गोठलेल्या ओढ्यावरून, छपरांच्या कडेनं जातात. रेंजरला (माग काढण्यात तरबेज पात्राला) हे विचित्र वाटलं पाहिजे: कुठलंही जनावर असा आडवळणाचा रस्ता का घेईल? चक्कीच्या दारावर नखांचे ओरखडे नाहीत, पण लाकडाला मऊ लव चिकटली आहे. गावात किडे नाहीत, वर रानात मात्र ऐन थंडीतही झाडांच्या साली अळ्यांनी पोखरलेल्या.

जवळची खूण एकच ठेवा आणि ती खेळाडूंच्या अंगावर येऊ द्या. टेबलावर खेळाडू आणि डीएम यांच्यात ते साधारण असं होतं:

“मी तिला हाक मारते. ‘थांब, पुढे जाऊ नकोस!’”

“तुझे ओठ हलले. तुला तुझाच आवाज आला नाही.”

“म्हणजे मी बहिरी झाले?”

“मशाल बघ. ती पेटलेली आहे, पण तडतडत नाही.”

इथे डीएमनं ‘शांततेचा प्रभाव’ असा शब्दही काढला नाही. मशालीकडे बोट दाखवलं. खेळाडूनं दोन आणि दोन स्वतः जोडले, आणि स्वतः जोडलेलं तो विसरत नाही.

खुणांबाबत दोन नियम पक्के पाळा. महत्त्वाच्या प्रत्येक निष्कर्षासाठी निदान तीन वेगवेगळ्या खुणा पेरा, कारण एक नजरेतून सुटते आणि दुसरीचा भलताच अर्थ लावला जातो. आणि मूळ खूण फाशाच्या मागे लपवू नका. लव दाराला चिकटली आहे हे सगळ्यांना दिसतं. ती घुबडाच्या पिसासारखी आहे आणि तिच्यावर बोट आपटलं तर टकटक होत नाही, हे नेचर किंवा इन्व्हेस्टिगेशन या कौशल्यांच्या रोलवर (फासा टाकून) कळू द्या. चांगला रोल झाला तर जास्त कळतं, वाईट झाला तर गोष्ट अडत नाही.

पायरी ५: आता आकडे

शून्यातून स्टॅट ब्लॉक लिहू नका. जवळच्या जनावराचा सांगाडा घ्या आणि त्यावर तुमचं मांस चढवा. पाचव्या आवृत्तीतले मूळ नियम, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. आउलबेअर त्यात आहे, तेव्हा तुमचं जनावर पुढे कुठे प्रसिद्ध करायचं असलं तरी योग्य श्रेय देऊन तो सांगाडा वापरता येतो.

आउलबेअर: आर्मर क्लास (वार बसायला लागणारा आकडा) १३, हिट पॉइंट्स ५९, चॅलेंज रेटिंग ३. मारताना फाशात +७. चोचीचा १डी१०+५ (दहा बाजूंचा एक फासा, अधिक ५) आणि पंजांचा २डी८+५, म्हणजे दोन्ही बसले तर सरासरी २४. आता समोर कोण आहे ते बघा. तिसऱ्या लेव्हलच्या विझर्डचं (जादूगाराचं) कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा चिवटपणा) +२ असेल तर त्याचे हिट पॉइंट्स २० असतात. म्हणजे ठणठणीत विझर्ड एका पाळीत आडवा. आउलबेअरच्या बाबतीत हे शोभतं, कारण तो चिडलेला डोंगर आहे. मुकीला मात्र माणसं मारायची नाहीत, त्यांना ओरडायला लावायचं आहे. म्हणून ताकद कमी केली आणि आयुष्य वाढवलं:

मुकी (मोठी मॉन्स्ट्रॉसिटी). आर्मर क्लास १४. हिट पॉइंट्स ६८ (८डी१०+२४). वेग ४० फूट. स्ट्रेंग्थ १६, कॉन्स्टिट्यूशन १६, इंटेलिजन्स ४.
पंजा: +५, १डी८+३.
दोन पाळ्या: एक तिच्या इनिशिएटिव्हला (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या आकड्याला), दुसरी त्यातून १० वजा केलेल्या आकड्याला. प्रत्येक पाळीत एकच पंजा.
मौन: पहिल्या पाळीला बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली जादाची छोटी कृती) वापरून तिच्याभोवती १५ फुटांत सगळा आवाज बंद, पुढच्या फेरीतल्या पहिल्या पाळीपर्यंत. तोंडानं म्हणायचे मंत्र आत चालत नाहीत, थंडर डॅमेज आत लागत नाही. सलग दोन फेऱ्या मौन लावता येत नाही.
गिळणे: मौन नसताना ६० फुटांत मोठा आवाज झाला की रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती) वापरून ती एक नाद गिळते. जास्तीत जास्त तीन. प्रत्येक नादाला गळ्याची पिशवी फुगते आणि ते सर्वांना दिसतं.
हुंकार: अ‍ॅक्शन वापरून सगळे नाद एकदम सोडते. १५ फुटांचा शंकू, प्रत्येक नादामागे २डी६ थंडर, डीसी १३ कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (वाचायला फाशात निदान १३ लागतात), यशस्वी झाल्यास निम्मं. हुंकाराच्या फेरीत मौन उतरलेलं असतं.
तृप्ती: तीन नाद झाले की ती हल्ला थांबवते आणि निघून जाते.

यातली प्रत्येक ओळ का आहे ते सांगतो, कारण तुमच्या जनावराला हाच हिशोब करावा लागेल.

दोन पाळ्या आहेत, कारण चौघांविरुद्ध एकटं जनावर नेहमीच हरतं. ते एकदा हलतं तोवर पार्टी चारदा हलते. तिसऱ्या लेव्हलची पार्टी फेरीला ढोबळमानानं वीस-पंचवीस डॅमेज करते. ६८ हिट पॉइंट्स म्हणजे तीन फेऱ्यांचं आयुष्य. एकाच पाळीत दोन पंजे दिले तर ती एकाच पात्राला रगडते आणि मग बराच वेळ नुसती मार खाते. तेच दोन वार फेरीत विभागले की डॅमेज तेवढाच राहतो, पण ती सतत हलती राहते. मोठ्या जनावरांना पुस्तकात लेजंडरी अ‍ॅक्शन्स (इतरांच्या पाळ्यांनंतर करायच्या जादा कृती) असतात त्या यासाठीच. खालच्या लेव्हलला दोन पाळ्यांवर भागतं.

मौन सलग लागत नाही, कारण तसं झालं तर तुमच्या टेबलावरचे विझर्ड आणि क्लेरिक (दैवी मंत्र म्हणणारा पुजारी) संध्याकाळभर हात बांधून बसतील. खेळाडूची मुख्य ताकद एक फेरी काढून घेणं म्हणजे आव्हान, पूर्ण लढाई काढून घेणं म्हणजे शिक्षा. एक फेरी बंद, एक फेरी चालू, या तालावर ते बेत आखू शकतात. शिवाय मौन १५ फुटांचंच आहे; मागे सरलं की मंत्र चालतो.

आणि नाद. मला या जनावरात सगळ्यात आवडतो तो हा भाग. तिला खायला घालून लढाई संपवता येते, पण खायला घालणं म्हणजेच तिचा हुंकार भरणं. दोन नादांचा हुंकार सरासरी १४, तीनचा २१. तीन झाल्यावर ती शांतपणे वळते, आणि त्या क्षणी कोणी पाठीत वार केला तर २१ चा हुंकार त्याचाच. पंजा बसलेल्या खेळाडूला विचारा: ओरडतोस की ओठ दाबून धरतोस? एरवी नुसते हिट पॉइंट्स खोडायचे असतात. इथे मार खातानाही निर्णय आहे. पिशवी सर्वांना दिसते हेही मुद्दाम. लपवलेला मोजमाप-नियम हा खेळाडूंच्या दृष्टीनं नियमच नसतो.

आता एकूण तोल. चॅलेंज रेटिंग ३ म्हणजे ७०० एक्सपी (अनुभवाचे गुण). तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी मध्यम लढाईची पायरी ६००, कठीणची ९००, प्राणघातकची १६००. एक मुकी मध्यम. दोन आणल्या तर १४०० आणि दोन शत्रूंसाठी दीडपट, २१००: थेट प्राणघातक. म्हणून जोडी आणण्याचा मोह टाळा, पिल्लू आणा. पिल्लू लढत नाही, पण त्याच्यामुळे सगळं बदलतं.

सेशनच्या आदल्या दिवशी तुमच्या खेळाडूंच्या कॅरेक्टर शीट समोर ठेवून दोन फेऱ्या एकट्यानं खेळून बघा. बघायचं एवढंच: सरासरी डॅमेजनं कोणी एका फेरीत पूर्णवरून शून्यावर येतं का, आणि प्रत्येक पात्राला दोन्ही फेऱ्यांत करण्यासारखं काहीतरी आहे का.

पायरी ६: ते कधी पळतं?

शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढणारं जनावर रानात सापडत नाही. जखमी शिकारी जनावराला उद्या शिकार करता येत नाही, म्हणून ते लवकर माघार घेतं. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात यासाठी साधा नियम होता. प्रत्येक राक्षसाला २ ते १२ मधला मोराल (हिंमतीचा) आकडा, आणि लढाई अंगावर आली की डीएम २डी६ टाकतो. रोल मोरालपेक्षा जास्त आला की माघार. तो नियम पाचव्या आवृत्तीत जसाच्या तसा बसतो. मी तो हिट पॉइंट्स निम्मे झाल्यावर आणि पाव उरल्यावर वापरतो.

मुकीचं मोराल एरवी ७, म्हणजे प्रत्येक तपासणीत ती साधारण बेचाळीस टक्के वेळा पळेल. पिल्लाजवळ तेच ११, म्हणजे फक्त दोन्ही फाशांवर सहा पडले तर. एकाच जनावराचे हे दोन आकडे ‘चक्कीपाशी लढायचं की कपारीपाशी’ हा प्रश्न खरा करतात. खेळाडूंना आकडे सांगू नका. पहिल्या झटापटीत ती सहज पळताना त्यांनी पाहिलेलं असलं की कपारीच्या तोंडाशी ती पाऊलही मागे घेत नाही, हे त्यांना बरोबर उमगतं.

त्याच संचातला रिअ‍ॅक्शन रोलही उचलण्यासारखा आहे: भेट झाल्यावर २डी६, दोन म्हणजे तत्काळ हल्ला, बारा म्हणजे मैत्री, मधे सगळ्या छटा. मुकी उपाशी असेल तर रोलमधून दोन वजा करा, पार्टीनं येताना मोठा आवाज सोबत आणला असेल तर दोन मिळवा.

पायरी ७: जागा आणि वर्णन

लढाईच्या जागेत तीन वापरण्याजोग्या गोष्टी ठेवा, सगळ्या जनावराच्या भुकेशी जोडलेल्या. चक्कीपाशी: फिरवता येणारं जातं (दर फेरीला एक मोठा आवाज), छपरावर साचलेला बर्फ (पाडला तर त्या चौकटीत ती पाय ठेवत नाही) आणि गोठलेला ओढा (तिला धावायला मोकळा, पार्टीला निसरडा). नकाशा साधा चालेल.

वर्णन करताना दिसणं शेवटी ठेवा. आधी जे बदललं ते सांगा, मग वास, मग एक अवयव, आणि पूर्ण जनावर खेळाडूंनी विचारल्यावर. मी मुकी अशी आणतो: “चक्की फिरतेय, आवाज थांबला. ओल्या पिसांचा वास येतोय. तुळईवर काहीतरी हललं: कान. तुझ्या हाताच्या पंजाहून मोठे, आणि दोन्ही तुझ्या दिशेला वळलेत.” चार वाक्यं. त्याहून लांब वर्णन वाचू लागलात की खेळाडूंचं लक्ष फाशांकडे जातं.

पायरी ८: नंतर काय उरतं

लढाई, वाटाघाट, पळ, काहीही झालं तरी जनावराचा माग पुढे राहू द्या. मुकी मेली तर तिची लव उपयोगी आहे: त्या कातडीचे बूट घातले तर स्टेल्थला (लपतछपत जायला) अ‍ॅडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून चांगला घ्यायचा), पण घालणाऱ्याला तीस फुटांपलीकडचं काही ऐकू येत नाही. जनावरातून मिळणाऱ्या वस्तूला जनावराचाच दोष चिकटलेला असावा, नुसता +१ नको. शिवाय धबधबा वसंतात पुन्हा वाहील तेव्हा तो गर्जेल. दरीतल्या कोणीही तो आवाज कधी ऐकलेला नाही, हरणं परततील, त्यांच्यामागे लांडगे येतील. पुढच्या साहसाचा धागा आयता मिळाला.

ती जगली तर तोडगा कोणता निघाला ते बघा. बर्फ फोडून पाणी वाहतं केलं? रोज रात्री कपारीपाशी ढोल वाजवायची पाळी लावली? एखाद्या टेबलावर बार्ड (गायक पात्र) तिथे हिवाळाभर गाण्याचं कबूल करेल, आणि ते वचन पुढे महागात पडू द्या.

आणि पिल्लू. ते पाळायचं आहे असं कोणीतरी म्हणणारच, तेव्हा उत्तर आधीच लिहून ठेवा. सरळ नकार देऊ नका, किंमत ठरवा. पिल्लाला दिवसाला तासभर मोठा आवाज लागतो. तो मिळाला नाही तर ते रात्री पार्टीचे आवाज खातं: सकाळी उठलेल्या एका पात्राचा घसा दुपारपर्यंत बसलेला, तोंडी मंत्र बंद. दर दोन लेव्हलला त्याची भूक एक पायरी वाढते. लढाईत त्याला स्वतंत्र पाळी नको, मालकानं आपली अ‍ॅक्शन खर्चून आज्ञा दिली तरच ते एक नाद गिळतं किंवा सोडतं. नाहीतर एका खेळाडूला दोन पात्रं मिळतात आणि बाकीचे वाट बघत बसतात. पाचव्या लेव्हलला ते गुडघ्याएवढं असेल, नवव्याला घोड्याएवढं. कुठल्या शहराच्या वेशीवर त्याला अडवतील आणि कोणत्या सरदाराला ते हेरगिरीसाठी हवं असेल, हे कॅम्पेनच्या वहीत पिल्लाच्या नावासमोर आजच टिपून ठेवा.